लाल ट्रेमधली माशी

सांगतो ते कुणाला पटणार नाही. आमच्या मोशीत अजून कुणाला पटलेलं नाही, तिथं तुमचं काय! पण आमची सून पूनम स्वयंपाकघरात बसून माशा बनवते, आणि त्या माशा विमानात बसून परमुलखात जातात. मी अजून विमानात बसलेलो नाही.

चहाच्या टपरीवर मी हे सांगितलं तेव्हा रंगराव बशी फुंकायचा थांबला.

"माशा? गावात कमी हायत व्हय?"

"आरं, खऱ्या न्हवं. गळावरच्या. कोंबड्याचं पीस, रेशमाचा दोरा आन तांब्याची तार गळाभोवती अशी गुंडाळायची की माशाला वाटलं पायजे, आला किडा. शौकीन लोक त्याला फ्लाय म्हणत्यात. फोनवर दुकान हाय तिचं."

"आन गिऱ्हाईक?"

"रांग लागती. फोनमधली रांग तुला दिसायची न्हाई."

शेजारी उद्धवराव बसले होते. कंपनीतून रिटायर झालेला माणूस, पुराव्याशिवाय चहात साखरसुद्धा घालत नाही. त्यांच्यासाठी मी गोष्ट मुळापासून धरली.

पूनम आधी चाकणच्या एका कंपनीत वाइंडिंगला, म्हणजे कॉइलवर तार गुंडाळायला होती. केसाएवढी तार, वेढ्याला वेढा चिकटलेला. मध्ये फट दिसली की माल बाद. हात असा बसला होता की तिची कॉइल बघायला खिडकीतला कोळी आपलं जाळं अर्धवट टाकून यायचा. मग कंपनीनं ती लाइनच दुसरीकडं हलवली आणि पूनम घरी आली. कोळ्याचं पुढं काय झालं, कळलं नाही.

रहाटणीला तिचा भाऊ राहतो, शेखर. त्याला मासे पकडायचा नाद. पकडायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. एकदा तो उसवलेली इंग्रजी माशी घेऊन आला. "ताई, एवढी बांधून दे." ताईनं बांधून दिली, आणि तसल्याच आणखी मूठभर बांधून त्याच्या खिशात घातल्या. तिथून दुकान सुरू झालं. माझ्या लेकानं, रोहिदासनं, ओट्याच्या कडेला गळ पकडून ठेवायचा छोटा व्हाइस बसवून दिला. पूनमनं कंपनीसारखे दोन ट्रे मांडले. पास झालेला माल हिरव्यात, नापास लालमध्ये. वेढा जरा ढिला पडला, पीस जरा वाकडं गेलं, की लाल.

पिसं घरच्या कोंबड्याची. आमची बायको अंबुबाई त्या कोंबड्याला जीव लावते. आधी तो कुणाला हात लावू देत नसे. आता पूनम दारात आली की मान पुढं करून उभा राहतो. आपलं पीस फॉरेनला जातंय, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे! आळीतल्या बाकीच्या कोंबड्यांशी बोलत नाही.

आणि माशी कशी? एक खिडकीत वाळत ठेवली होती, तर भिंतीवरच्या पालीनं झडप घातली. अर्धा दिवस पाल तिला चावत होती.

"पाल फसली," उद्धवराव म्हणाले. "मासा फसला का?"

बघा, कसा नेमका दुखरा भाग दाबतात. तिथंच तर घोडं अडलं होतं.

वर हिमालयाकडं एक जण नदीकाठी गळवाल्या हौशी लोकांचा कॅम्प चालवतो. त्यानं पूनमकडून नमुन्याच्या माशा मागवल्या आणि दुकानाखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : "कारागिरी सुंदर. पण मासा तोंड लावत नाही. या माशा काचेच्या कपाटात ठेवाव्यात."

पूनमनं ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. भाकरी थापायला बसली तर भाकरीसुद्धा मुकी झाली. त्याच आठवड्यात चाकणहून एका ठेकेदाराचा निरोप आला, पॅकिंगला बाई पाहिजे.

मला म्हणाली, "आबा, रविवारी तळ्यावर जाते. माझ्या माशीला मासा लागला तर दुकान राहील. नाही लागला तर सोमवारपासून पॅकिंगला. फसवा माल मी विकणार नाही."

"पोरी, तुला गळ टाकता येतो का?"

"शिकते की."

मग अंगणात दोरी फेकायचा सराव. सरावाला लालमधल्या नापास माशा. पहिला मासा म्हणून माझा लेंगाच गळाला लागला, दोरीवर वाळत होता तो.

रविवारी शेखरला ऐनवेळी ओव्हरटाइम लागला. गळाची काठी आमच्या हवाली करून तो शिफ्टला गेला. मी आणि पूनम, दोघंच स्कूटरवर चाकणच्या पलीकडं पाझर तलावाला गेलो. मासेमारीचा ठेका ज्याचा, त्याला विचारून काठावर बसलो.

तळ्यात मरळी होत्या. पण कशा? वर यायच्या, पूनमच्या हिरव्या ट्रेमधल्या देखण्या माशीकडं बघायच्या आणि आत जायच्या. मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन "कळवतो" म्हणतात ना, तशा.

ऊन डोक्यावर आलं. पूनमनं दोरी ओढून घेतली. मग चप्पल काढून पाण्यात उतरली, माशी बोटाएवढ्या पाण्यात धरली आणि वाकून बघत राहिली.

"आबा, हलतच नाही."

"काय?"

"पीस. मी इतकं आवळलंय की पाण्यात सुटतच नाही. आबा, मी किडा नाही केला. कॉइल केलीय."

असं म्हणून तिनं डबीतली सरावाची एक काढली. लालमधली. वेढा ढिला, पीस वाकडं. पाण्यात ठेवली आणि काय सांगू तुम्हाला, ती पिसं फुलली, मिटली, परत फुलली. श्वास घेतल्यासारखी. तिकडून दोन बेडूक बाजूला सरकले, जागा करून दिली.

"मग?" रंगरावचा चहा थंड झाला होता.

मग काय? पूनमनं ती माशी दोरीला बांधली आणि काठी माझ्या हातात दिली. म्हणाली, "आबा, माझ्यानं नाही होणार. तुम्हीच टाका."

मी टाकली. लव्हाळ्याच्या कडेला, जिथं टाकायची तिथंच. पाणी असं फाटलं! मरळ म्हणजे केवढी? तक्क्याएवढी. गिळली आणि निघाली. मी काठी सोडली नाही. तिनं मला काठाकाठानं फिरवलं. एक चप्पल ह्या तीराला, एक त्या तीराला, टोपी बाभळीवर. पाणी एवढं उसळलं की खालच्या वावरातल्या माणसानं पंप बंद केला, त्याचं भरणं फुकटात झालं. शेवटी दमली. मी दमलो नाही. वर काढली तर माझ्या खांद्याला लागत होती. पूनमनं हळूच गळ सोडवला, आम्ही तिला पाण्यात ठेवली. जाताना तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"मरळीला मान असती का?" रंगराव.

"त्या दिवशी व्हती."

पूनमनं त्या कॅम्पवाल्याला व्हिडिओ धाडला. खाली लिहिलं, चूक माझी होती, घट्ट बांधलं होतं, आता अशी बांधते. त्याचं उत्तर आलं : अख्ख्या हंगामाचा माल तुमच्याकडूनच. आणि आधीचं लिहिलेलं त्यानं स्वतः काढून टाकलं. चाकणच्या ठेकेदाराला पूनमनं सांगितलं, दुसरी बाई बघा, मला सवड नाही. आता आमच्याकडं ट्रेची उलटापालट झालीय. घट्ट झाली की लाल, श्वास घेतला की हिरवा. प्रत्येक माशी परातीत पाणी घेऊन तपासते. अख्ख्या पिंपरी-चिंचवडात असं काम कुणी करत असेल तर मला आणून दाखवा!

"व्हिडिओ आहे म्हणालात," उद्धवराव म्हणाले.

"हाय की. पण माझ्या फोनात न्हाई. जागाच उरली न्हाई."

"दुकानात असेल ना." त्यांनी चष्मा वर केला आणि फोन काढला. पूनमच्या दुकानाचं नाव त्यांना पाठ असेल, असं मला वाटलं नव्हतं. "हा काय, अगदी वरच लावलाय."

मला एकदम आठवलं की घरी गिरणीचं दळण राहिलंय. मी उठलो. रंगरावनं माझा सदरा धरला आणि दुसऱ्या हातानं आवाज मोठा केला. पाणी उसळल्याचा आवाज आला, त्यावर कुणाचं तरी ओरडणं. टपरीवाला किटली ठेवून बघायला आला. शेवटपर्यंत बघून झालं तेव्हा रंगराव सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला :

"आबाजी, खोटं! काठी धरलेल्या हातात हिरव्या बांगड्या हायत! आन फोनच्या मागनं 'सोडू नको पूनम, वढ, वढ माझ्या वाघिणी' म्हणून रडत रडत बोंबलतंय, ते कोण?"