दोनशे सत्तेचाळीसवरची चार बोटं

मी उडी मोजायची फळी बोलतेय. पालघरकडच्या पाम गावाजवळच्या एका शाळेत, मैदानाकडच्या भिंतीवर मला ठोकलंय. बळवंत सुताराने जुन्या सागवानी दारातून मला कापलं आणि सेंटिमीटरच्या रेघा स्वतःच्या हाताने रंगवल्या. रेघ जराशी वाकडी गेली की स्वतःलाच शिव्या घालायचा. म्हणून सांगते, माझं माप खोटं नाही.

काम साधं. पोरं बोटांना खडू फासतात. आधी उभ्याने हात लावतात, मग जागेवरून उडी मारून. मधलं अंतर म्हणजे पायातली ताकद. मला बोटं कळतात. कोण कुठलं, ते मी विचारत नाही.

गेल्या वर्षी पालघरच्या क्रीडा शिबिरासाठी एक मुलगी निवडायला बाहेरचे सर आले. कागदावर तीन रकाने घेऊनच आले: डोंगरपाड्यावरच्या, किनाऱ्यावरच्या, बाहेरून आलेल्या. कुठल्या रकान्यातली पोर किती उडणार, ते त्यांना आधीच ठाऊक. मग मला कशाला विचारायचं?

वारली पाड्यावरची शालू त्रेचाळीस सेंटिमीटर उडाली. सर खूश. "यांच्या रक्तातच असतं!"

"रक्तात नाय सर," शालू फणकारली. "शाळा चार किलोमीटर हाय. चढावाची."

मग मेघाली आली. बाप बोईसरच्या कारखान्यात, मूळ बीडकडचा, म्हणून तिसरा रकाना. तिची बोटं दोनशे सत्तेचाळीसवर थाडकन आपटली. उडी एक्कावन्न!

"अगं, बेडूक हायस का तू?" शालू ओरडली.

"रोज चार मजले पाण्याचे हंडे चढव, तू पण होशील."

सरांनी कागद बघितला. फळी नाही, कागद. "या गटात एवढी उडी येत नाही. धावत आली असणार."

"जागेवरूनच मारली सर. परत मारते ना!"

"राहू दे. अजून पुष्कळ मुली आहेत." आकडा खोडला. शिबिराला शालूचं नाव गेलं.

"सर, तीच जास्त उडली," शालू म्हणत राहिली. कोण ऐकतंय?

मग सर मेघालीची खूण पुसायला फडकं घेऊन माझ्यापाशी आले. हात पोचेना. दोन उड्या मारल्या, तरी पोचेना. फडकं टाकून निघून गेले.

मेघाली त्यानंतर मैदानावर आली नाही. हंडे चढवते म्हणे अजून. शालू एकदा येऊन गेली, माझ्याखाली उभी राहून नुसतं वर बघत राहिली. आता माझ्यापाशी कोणी येत नाही. क्रिकेटचा चेंडू तेवढा लागतो अधूनमधून. लागला की बरं वाटतं, इतकी एकटी पडलेय मी.

पण वर पत्र्याची वळचण आहे, पाऊस तिथं लागत नाही. खडूची ती चार बोटं जशीच्या तशी आहेत. मेघाली, तुझा आकडा कागदावर नसेल, माझ्या अंगावर आहे. ये एकदा.

आणि कुणाला पुसायचाच असेल, तर स्टूल आणू नका. चपला काढा, बोटांना खडू लावा, आणि जागेवरून उडी मारा.