गोजरानं घातलेलं पाणी

करावे गावाच्या अंगाला तेव्हा मिठागरं होती. तिथला कारकून आगुस्तीन वसईचा, पंचक्रोशीतला एकटा किरिस्ताव. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको कार्मेलीन पहिलटकरीण, आणि गावची सुईण गोजरा. म्हातारपणी गोजराला काल काय जेवलो ते आठवायचं नाही, पण छप्पन सालची ती दुपार लख्ख आठवायची. काय दिवस होते ते!

पोर जन्मली ती निळी. रडेना. आगुस्तीन डॉक्टर आणायला पनवेलला गेलेला. कार्मेलीनला हातही उचलवत नव्हता.

"गोजराबाय, तिच्या डोक्यावर पाणी घाला," ती कळवळून म्हणाली. "वेळ पडली तर आमच्यात कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. सिसिलिया नाव घ्या, आणि मी सांगते तसं म्हणा."

गोजरानं तांब्या घेतला, तीनदा धार धरली आणि सांगितलं तसं म्हटलं, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." नाव तेवढं गिळलं. पाचवी पुजायच्या आधी नाव घेतलं तर सटवी पोर नेते, असं तिच्या आईनं शिकवलेलं. मग तिनं पोरीचे तळपाय चोळचोळ चोळले, तेव्हा कुठं पोरीनं टाहो फोडला.

पोर जगली, पण गोजराला घास गोड लागेना. आपल्या चुकीनं हिचा बाप्तिस्मा फुकट गेला असला तर? बोलावं तर कार्मेलीन काय म्हणेल? महिन्यानं उरणहून होडीनं पाद्री आले, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"पाद्रीबाबा, मी नाव नाय घेतलं. पाचवीच्या आदी नाव घेवाचं नसतं. पानी घातलं, बाकी समदं बोलले."

कार्मेलीनचा चेहरा उतरला. पाद्रींनी मात्र पाणी डोक्यावरून वाहिलं का ते विचारलं, शब्द पुन्हा म्हणवून घेतले आणि हसले. "नाव राहिलं तरी चालतं, बाई. पाणी आणि शब्द पुरेत."

त्यांनी राहिलेले विधी केले, पोरीच्या जिभेवर मीठ ठेवलं, तेल लावलं, सिसिलिया म्हणून हाक मारली. आगुस्तीननं भरलेला लोटा पुढं केला, तो त्यांनी हातानंच बाजूला सारला.

"हे झालंय. बाप्तिस्मा एकदाच होतो. या बाईंनी दिलेला मला पुन्हा देता येत नाही, आमच्या बिशपांनाही नाही."

गोजरानं अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. प्रत्येक घरानं तिची पाठ वळताच गोमूत्र शिंपडलं होतं, तिचा हात लागलेलं सगळं धुऊन काढलं होतं. तिनं तोंडाला पदर लावला आणि पाद्रींसमोरच हमसून हमसून रडली.