पाचवं वाक्य

रिटायर झाल्यावर माणसं मोबाइल घेतात, गुडघेदुखी घेतात. आमच्या ह्यांनी वही घेतली. एकसष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकायचं म्हणे! अंबरनाथच्या कंपनीत चौतीस वर्षं साहेबांनी इंग्रजीत झापलं आणि ह्यांना एकदाही उलट बोलता आलं नाही, ते मनात राहिलं होतं. आता साहेबही रिटायर होऊन कुठल्या कुठे गेले. पण हे शिकणार.

खरवईच्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की धम्मदीप क्लास घेतो. पोरगा इंजिनिअर आहे, पैसे घेत नाही, आणि दहा-बारा म्हाताऱ्यांना न चिडता शिकवतो. त्याचा एकच नियम. आठवड्याला पाच शब्द, प्रत्येकावर एक वाक्य. वाक्य आपल्या घरातलं पाहिजे आणि खरं पाहिजे. खोटं वाक्य माणूस विसरतो, असं त्याचं म्हणणं. रविवारी प्रत्येकाने उभं राहून सगळ्यांसमोर वाचायचं.

गुरुवारी हे दूध आणायला गेले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. मी वाचली. नवऱ्याची वही वाचायला परवानगी कसली? मी दहावी पास आहे, अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे, सावकाश वाचलं की इंग्रजी लागतं मला. शिवाय शेजारी मराठी अर्थ लिहिलेलेच होते.

ड्राय म्हणजे कोरडं: आमचा नळ सकाळी दहानंतर ड्राय असतो. पार्च्ड म्हणजे तहानेने सुकलेलं: गॅलरीतला कढीपत्ता पार्च्ड आहे. बॅरन म्हणजे जिथे काही उगवत नाही ते: बिल्डिंगमागची जमीन बॅरन आहे. ब्लँड म्हणजे बेचव: माझं जेवण ब्लँड आहे. वा! मीठ बंद केलं डॉक्टरने आणि नाव माझ्या हाताचं.

पाचवा शब्द डल. अर्थ, नीरस. वाक्य: माय वाइफ इज डल.

मी वही होती तशी ठेवली. चहाला आधण ठेवलं आणि साखर टाकायची विसरले. मी डल? चाळीस पोरांना एका वेळी नाचवत होते मी! माझी गाणी ऐकायला त्यांच्या आया दारात थांबायच्या. आणि हा माणूस हे रविवारी उभं राहून वाचणार, क्लासातल्या त्या बकुळाबाईंसमोर, ज्यांच्या पोटात काही राहत नाही. सोमवारपर्यंत आख्ख्या कॉलनीला कळणार की बबन शिंदेची बायको कशी आहे ते.

ह्यांना काही बोलले नाही. रविवारी पांढरी साडी नेसून क्लासला गेले आणि मागच्या सतरंजीवर बसले. माझ्यासमोर वाचायची हिंमत होते का, तेवढंच बघायचं होतं.

ह्यांनी मला बघितलं. तरी उभे राहिले आणि एकापाठोपाठ एक वाचत गेले. नळ, कढीपत्ता, जमीन, जेवण. आणि मग पाचवं, त्याच आवाजात. त्यात दुष्टावा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. हा माणूस जन्मभर इन्स्पेक्शनला होता. पीस चांगला असेल तर नुसती टिक करायची, खराब असेल तरच शेरा लिहायचा. घरीही तेच. भाजी चांगली झाली की मुकाट्याने खायची, बिघडली तरच तोंड उघडायचं.

बकुळाबाई मान वळवून माझ्याकडे बघत राहिल्या. बिचारा धम्मदीप म्हणाला, "काका, ग्रामर बरोबर आहे, पण आपण दुसरं वाक्य घेऊ ना. काकूंना काय वाटेल?"

मी उठले. चांगलं तोंडसुख घ्यायचं ठरवून आले होते. पण उभी राहिले आणि वेगळंच निघालं.

"दुसरं कशाला? खरं पाहिजे म्हणालास ना? खरंच आहे ते. घरात मी डलच आहे. बाहेर नाही. बाहेर विचारा कुणालाही." मी ह्यांच्याकडे वळले. "लग्न झाल्यावर रोज बोलायचे मी. हे कामावरून आले की अंगणवाडीतलं सगळं सांगायचे. कोण पडलं, कोण पहिल्यांदा नाव लिहायला शिकलं. हे पेपर वाचायचे. हं पण नाही. पाच वर्षं बोलले, दहा वर्षं बोलले. मग मी पण गप्प झाले. माणूस किती दिवस एकटंच बोलेल?"

मी खाली बसले. हे तसेच उभे होते, वही हातात धरून. मग म्हणाले, "धम्मदीप, 'माझ्यामुळे' हे इंग्रजीत कसं लिहायचं?"

"बिकॉज ऑफ मी, काका."

"स्पेलिंग सांग."

त्याने फळ्यावर लिहिलं. ह्यांनी एकेक अक्षर बघून वहीत उतरवलं, आणि आख्खं वाक्य परत पहिल्यापासून वाचलं. माय वाइफ इज डल बिकॉज ऑफ मी. मग खाली बसले. बकुळाबाई मोठ्याने "साधू, साधू, साधू" म्हणाल्या, वंदनेत म्हणतात तसं, आणि एक-दोघं हसले. मलाही हसू आलं. राग कुठे गेला कळलं नाही.

घरी चालतच निघालो. हे नेहमी चार पावलं पुढे असतात, आज शेजारी होते. पाण्याच्या टाकीपाशी आलो. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू ते सांगायचीस ना, पोरांचं. मी पेपर वाचताना. सांग ना आता. मी ऐकतो."

मी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांच्या गोष्टी, शेकडो पोरं, त्यांची नावं, त्यांचे हट्ट. एकेक ह्यांच्यासाठी जपून घरी आणलेली. मी आठवून बघितलं, परत आठवून बघितलं.

"आठवत नाही हो," मी म्हणाले. "एकपण आठवत नाही."

आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं. हे थांबले. घरी चल म्हणाले नाहीत, लोक बघतायत म्हणाले नाहीत. माझं रडून होईपर्यंत शेजारी उभे राहिले.