हॉलमध्ये न मावलेला ऑक्टोपस

गणिताच्या सरांना मुलं पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना फारसं वावगं वाटत नव्हतं. फूटपट्टी सरळ असते, कुणाचं वाकडं करत नाही. वाईट वाटायचं ते त्यांच्या मुलीला. बिट्टी त्याच शाळेत आठवीत होती, आणि मधल्या सुट्टीत कुणी ‘फूटपट्टी आली रे!’ म्हणून ओरडलं की डब्यात मान खुपसून बसायची.

अशा माणसाच्या गळ्यात त्या वर्षी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाची सजावट पडली. चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बैठकीत एकेका शिक्षकाकडे बघत होत्या आणि जो तो आपापल्या चहाच्या कपात बघत होता. सर चहा घेत नसत. त्यामुळे त्यांच्याकडे बघायला कपच नव्हता.

“सर, तुम्ही कराल?”

“मी? अहो बाई, मला रंगातलं ओ की ठो कळत नाही.”

“रंगाचं जाऊ द्या. लोक आले पाहिजेत आणि बसले पाहिजेत. गेल्या वर्षीसारखं नको.”

गेल्या वर्षीचं सरांना चांगलंच आठवत होतं. आईवडील यायचे, आपल्या मुलाचा नाच बघायचे आणि तो मंचावरून उतरला की त्याचा हात धरून चालते व्हायचे. शेवटी शेवटी हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या उरल्या होत्या आणि मागच्या रांगेत एक शिपाई पेंगत होता. नेमकं तेव्हाच बिट्टीचं कवितावाचन होतं. तिने न अडखळता सगळी कविता म्हटली, रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार केला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

सर मोठ्या बाईंना ‘हो’ म्हणाले, ते या एका गोष्टीमुळे.

घरी बातमी सांगितली तेव्हा बिट्टीचा घास हातातच राहिला.

“बाबा, तुम्ही? सजावट?”

“का? काय झालं?”

“भिंतीवर काटकोन त्रिकोण चिकटवाल तुम्ही.”

आई नर्स होती. ड्यूटीवर निघता निघता केसांना पिना लावत होती, ती हसली. “चिकटवू देत की. निदान सरळ तरी लागतील.”

बिट्टी हसली नाही. “आई, यंदा नाटकात माझं मुख्य काम आहे. मी दीपगृहवाली आहे. पुन्हा रिकाम्या खुर्च्यांसमोर मी उभी राहणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.”

 पुढचे कितीतरी दिवस, वर्गात मुलं गणितं सोडवत असताना, सर खिडकीतून बाहेर बघत बसायचे. मुलांना वाटायचं, सरांची तब्येत बरी नसावी.

मग एकदा कुणीतरी त्यांना सजावटीचं सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानाचा पत्ता दिला. दुकान कसलं, एक मोठी शेडच होती. आत कापडाचे ढिगारे, जाडजूड दोर आणि हवा भरायचे पंखे. मुलांच्या घसरगुंड्या, कमानी, प्राणी, सगळं हवेचं. हवा भरली की उभं राहायचं आणि काढली की पिशवीत जायचं. मालकीण पन्नाशीची होती. जमिनीवर मांडी घालून ती एका सिंहाच्या पोटाला ठिगळ लावत होती.

“नाटक समुद्रावरचं आहे,” सर म्हणाले. “समुद्रातलं काही आहे का?”

तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोत एक जांभळा ऑक्टोपस होता. डोळे ताटाएवढे आणि चेहरा असा की जणू कुणीतरी त्याला नुकताच विनोद सांगितलाय.

“उंची किती?”

तिने सांगितली. सरांनी खिशातून कागद काढला. हॉलची उंची त्यांनी स्वतः, शिडीवर चढून, दोनदा मोजली होती. ऑक्टोपस छताखाली आरामात बसत होता.

“ठरलं,” सर म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो आला. पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पिशवी चढवताना शिपायाला आणि खेळाच्या सरांना घाम फुटला. नाटकातली मुलं तालमीसाठी तिथेच होती. मुलांनी एव्हाना मालकिणीचं नाव ‘हवाबाई’ ठेवून टाकलं होतं, आणि तिनेही त्या नावाला लगेच ‘ओ’ दिली होती.

पंखा सुरू झाला. जमिनीवरचं कापड थरथरलं, फुगलं, आणि मागच्या भिंतीपाशी एक जांभळं डोकं हळूहळू वर आलं. आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. मुलांनी जो काही जल्लोष केला! सर वर्गात शिरले की आजवर फक्त शांतता पसरायची. आपण उभे आहोत आणि मुलं आनंदाने ओरडताहेत, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी हळूच चष्मा पुसला.

आणि मग हातांमध्ये हवा भरायला लागली.

पहिल्या हाताने खुर्च्यांची अख्खी रांग आडवी केली. दुसरा मंचावर चढला आणि पडदा अंगावर ओढून घेऊन बसला. तिसरा, चौथा, पाचवा... हॉलभर जांभळे ओंडके पसरत चालले. मोठ्या बाई नेमक्या त्याच वेळी आत आल्या आणि दार व ऑक्टोपसचा हात यांच्यामध्ये अडकल्या.

“सर,” त्यांचा नुसता आवाज आला, “हे काय आहे?”

“ऑक्टोपस.”

“ते कळलं. लोक कुठे बसणार?”

 सरांनी उंची मोजली होती. हातांचा विचारच केला नव्हता.

“माझंच चुकलं,” हवाबाई म्हणाली. “हात पसरून किती जागा लागते, ते मी बोललेच नाही. हा एरवी मैदानात लागतो हो.”

“नाही, मी विचारायला हवं होतं,” सर म्हणाले. “बंद करा पंखा. घेऊन जा परत. आम्ही पताका लावू.”

मुलांच्या घोळक्यात कुणीतरी कुजबुजलं, “फूटपट्टीचं माप चुकलं!” आणि हसण्याची खसखस पिकली. बिट्टीने ऐकलं. तिने वडिलांकडे बघितलं. ते हातात मापाची टेप घेऊन उभे होते, आणि इतका पडलेला चेहरा तिने त्यांचा कधीच पाहिला नव्हता. तिला रडू यायला लागलं. रडताना कुणाला दिसू नये म्हणून ती वळली, दोन जांभळ्या हातांमधून वाट काढत खिडकीपाशी गेली आणि तिने धाडकन तावदान उघडलं.

शेजारचा हात जणू वाटच बघत होता. फुर्रकन आवाज झाला आणि तो तिच्या कानाजवळून सुळकन खिडकीबाहेर गेला. बाहेर जागा मिळताच तो ताठ झाला आणि रस्त्यावर, बसथांब्याच्या वर, डुलायला लागला.

खाली एका स्कूटरने करकचून ब्रेक मारला. पिशव्या घेतलेल्या एक आजी वर बघत म्हणाल्या, “अगं ए मुली, हे काय बाहेर आलंय?”

“ऑक्टोपस आहे, आजी!”

“शाळेत?”

“उद्या आमचं नाटक आहे. बघायला या ना!”

“येते की,” आजी म्हणाल्या. “याचं बाकीचं अंग कसं आहे ते तरी बघायला नको?”

बिट्टी वळली. डोळे अजून ओले होते, पण आता ते चमकत होते. शाळेत ती वडिलांना चुकूनही ‘बाबा’ म्हणत नसे. आता ती सगळ्यांसमोर ओरडली, “बाबा! सगळ्या खिडक्या उघडा!”

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. हवाबाई पंखा कमी-जास्त करत होती, मुलं एकेक हात ढकलून खिडकीबाहेर काढत होती, आणि कापड घासून फाटू नये म्हणून खेळाच्या सरांनी व्यायामाच्या चटया कापून चौकटींवर अंथरल्या. कोणता हात कोणत्या खिडकीतून काढला की मधली वाट मोकळी राहील, ते सरांनी जमिनीवर खडूने आखून दाखवलं. हे मात्र त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी झकास केलं. एक हात खिडकीअभावी उरला, तो जिन्यावरून खाली सोडला. पडदा ओढणारा होता तिथेच राहिला. नाटकवाल्या मुलांनी त्याला वादळातली लाट म्हणून ठेवून घेतलं.

संध्याकाळी शाळेतून बाहेर पडताना सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. त्या पिवळट, दर वर्षी तशीच दिसणाऱ्या इमारतीच्या खिडक्यांतून सहा जांभळे हात बाहेर येऊन डुलत होते. बसमधले लोक खिडक्यांना नाक लावून बघत होते.

“मी इथे इतकी वर्षं आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या, “पण या इमारतीकडे कुणी मान वर करून बघितलेलं मला आठवत नाही.”

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. नुसत्या आईवडिलांनी नाही. पावाच्या दुकानाचा मालक आला, पिशव्यावाल्या आजी शेजारणीला घेऊन आल्या, आणि ज्याच्या दुकानाच्या पाटीसमोर एक हात लोंबत होता तो वायरमनही आला. बिट्टीची आई ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्मवरच आली. बसायला जागा नव्हती म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि त्याचा तिला इतका आनंद झाला की कुणी खुर्ची दिली तरी ती घेईना.

नाटक सुरू झालं. शिडीला पुठ्ठे लावून केलेल्या दीपगृहात बिट्टी उंच उभी होती. वादळ आलं, ढोल वाजले, दिवे लुकलुकले, आणि फट्! सगळं बंद. दिवे गेले, माईक गेला, आणि पंख्याची घरघरही थांबली.

मागच्या भिंतीपाशी ऑक्टोपसने मान टाकली. ते प्रचंड डोकं हळूहळू शेवटच्या रांगांवर वाकायला लागलं. कुणीतरी किंचाळलं. काही लोक उठले. दार एकच होतं आणि जिन्यात आठवा हात पडला होता.  सर मधल्या वाटेत धावले आणि वर्गातल्या आवाजात गरजले, “कुणीही उठायचं नाही! सगळ्यांनी हात वर!”

त्या आवाजाची गंमत अशी की पावाच्या दुकानाच्या मालकासकट सगळ्यांनी मुकाट्याने हात वर केले. कापड अलगद त्यांच्या तळव्यांवर येऊन टेकलं. ते मऊ होतं, कोमट होतं आणि काहीच वजन नव्हतं त्याला. एक लहान मूल खिदळलं. पाठोपाठ त्याची आई. बाहेर लोंबणारे हातही सैल पडले होते, आणि त्यांनी अडवलेला दुपारचा उजेड आता खिडक्यांतून आत येऊन थेट मंचावर पडत होता.

त्या उजेडात बिट्टी उभी होती. सगळे आता मागे वळून बघत होते, मंचाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. क्षणभर तिला पुन्हा त्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या. मग तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि माईकशिवाय खणखणीत हाक मारली, “अहो खलाशी! समुद्रावर काय चाललंय?”

सरांनी इकडेतिकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

“मी?”

“हो, तुम्हीच! वादळ केवढं आहे?”

हॉल शांत झाला. सरांनी घसा खाकरला. जन्मात त्यांनी नाटकातलं एक वाक्य म्हटलं नव्हतं.

“मोजतोय,” ते म्हणाले. “पण कालपासून माझं माप जरा चुकतंय.”

हसण्याचा असा स्फोट झाला की डोक्यावरचं कापड हिंदकळलं. सर्वांत जोरात हसत होते सरांच्याच वर्गातले मुलगे.

“आणि बोटीत माणसं किती आहेत?” बिट्टीने विचारलं.

सरांनी मागे बघितलं. शेवटच्या रांगेपर्यंत वर झालेले हात होते, भिंतीला टेकलेले लोक होते, त्यांत त्यांची बायको होती.

“दीपगृहवाल्या बाई,” सर म्हणाले, “एकही जागा रिकामी नाही.”

 बिट्टीने मान फिरवली, नाक पुसलं आणि मग म्हणाली, “तर मग माझ्या आवाजाच्या रोखाने या. दिवा विझलाय, पण मी इथेच आहे.”

आणि नाटक पुढे सुरू झालं. दरम्यान वायरमन कापडाखालून रांगत बाहेर आला होता. “मेन बोर्ड कुठे आहे?” त्याने शिपायाला विचारलं आणि दोघं खाली गेले. नाटकातली बोट किनाऱ्याला लागायच्या बेतात होती तेव्हा दिवे आले. हवाबाईने पंखा लावला. ऑक्टोपस लोकांच्या तळव्यांवरून उठला, एकेक डोळा उघडून ताठ झाला, आणि टाळ्या नाटकाला पडल्या की त्याला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

लोक लगेच गेले नाहीत. चहा होता, गप्पा होत्या. आजी बिट्टीचे दोन्ही गाल धरून काहीतरी सांगत होत्या. मग हवाबाई म्हणाली, “आता खरं काम. हवा काढायला वजन लागतं. चपला काढा आणि लोळा.”

पंखा बंद झाला, खिडक्यांतले हात आत ओढून घेतले, आणि मुलं तुटून पडली. त्यांच्यामागून खेळाचे सर, मग चक्क मोठ्या बाई, पदर खोचून. सरांनी बूट काढून जोडीने नीट ठेवले आणि एका हाताच्या टोकाशी आडवे झाले. बिट्टी शेजारी येऊन पडली. दोघं लोळत लोळत डोक्याच्या दिशेने निघाले आणि पुढे पुढे हवा फुसफुसत राहिली.

“बाबा, ते ‘मोजतोय’ कुठून सुचलं तुम्हाला?”

“कुठून म्हणजे? तू विचारलंस म्हणून.”

“पुढच्या वर्षी तुम्हाला खरंच काम देऊ नाटकात. पण पाठांतर करावं लागेल हं.”

“पाढे पाठ आहेत माझे.”

“बाबा!” ती म्हणाली, आणि हसता हसता हातावरून घरंगळून खाली पडली.

गुंडाळलेला ऑक्टोपस काही केल्या पिशवीत जाईना. “कधीच जात नाही मेला,” हवाबाई म्हणाली. मग ज्याला जिथे धरता आलं त्याने तिथे धरलं: वायरमनने, आईने, वर्गातल्या मुलांनी, सरांनी. आणि ते भलंमोठं जांभळं गाठोडं घेऊन सगळे जण एकमेकांना “सावकाश, सावकाश!” म्हणत जिना उतरायला लागले.