थेट वायर

इंजिन बंद पडलं तेव्हा चारुता वैतागली, घाबरली नाही. समुद्र शांत होता. मागे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या स्पष्ट दिसत होत्या, आणि त्याच कारखान्यात ती बारा वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळत होती. बोट म्हणजे तिच्या नवऱ्याची, धवलची हौस. आठवडाभर आयटीतली नोकरी, आणि शनिवारी ही सेकंडहँड बोट घेऊन मासे पकडायला जायचं. चारुता वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, त्याच्या आग्रहाखातर यायची.

"किल्ली फिरवली की पंप दोन सेकंद गुणगुणतो. आज आवाजच नाही," धवल म्हणाला.

"म्हणजे इंजिनला पेट्रोलच मिळत नाहीये. सरक, मी बघते."

तिने मागचं झाकण उघडलं. पेट्रोलचा वास आला म्हणून आधी पंखा लावून आतली हवा बाहेर काढली. फ्यूज शाबूत होता. मग पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेवर बोट ठेवून तिने धवलला किल्ली फिरवायला सांगितली. बोटाखाली टिक् झालं. रिले ठीक होता.

"मीटर दे," मान वर न करता ती म्हणाली.

हातात पक्कड आली.

"मीटर, धवल. पिवळा डबा."

पुन्हा पक्कडच. तीही त्याच्या हातातून निसटून फळीवर आपटली.

"लक्ष कुठे आहे तुझं? राहू दे, माझं मी घेते!"

तो काहीतरी पुटपुटला आणि सीटवर जाऊन बसला. तिने वळून पाहिलं नाही. ती ओरडली की तो गप्प बसायचा, बावीस वर्षांत तिला त्याची सवय झाली होती.

पंपाचा प्लग काढून तिने वायरीला मीटर लावला. पूर्ण बारा व्होल्ट. प्लग परत जोडून किल्ली फिरवली तर जेमतेम चार. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. रिकामी असताना वायर सगळं ठीक दाखवते, भार पडला की मान टाकते. मध्ये कुठेतरी जोड सडलेला असणार. तो शोधायच्या विचाराने तिला जरा बरंच वाटलं.

बॅटरीपासून पंपापर्यंत थेट वायर टाकावी, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण असल्या जुगाडाबद्दल तिने कारखान्यात भल्याभल्यांना झापलं होतं. शिवाय पेट्रोलचा वास अजून पुरता गेला नव्हता, आणि एक ठिणगी पुरे होती. ती फळ्या उचलत, बोटांनी वायर चाचपत पुढे सरकत राहिली. अर्ध्या तासाने टाकीमागे एकदाचा तो जोड सापडला. काळ्या टेपच्या गुंडाळीतून हिरवी भुकटी सांडत होती.

"हे तूच केलंयस ना? मला म्हणालास मेकॅनिककडून करून घेतलं."

उत्तर नाही.

"अरे, बोल की!"

ती वळली. धवल सीटवर उजवीकडे कलला होता. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती, हात लोंबत होता. डोळे मात्र तिच्यावरच होते.

घड्याळात दहा पंचावन्न झाले होते. तिने रेडिओ उचलला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की बचावबोट दुसऱ्या कॉलवर आहे, पोचायला चाळीस मिनिटं तरी लागतील. चारुताने रेडिओ टाकला, नांगराच्या दिव्याची वायर उपटली, तिची टोकं दातांनी सोलली आणि श्वास रोखून बॅटरीपासून पंपापर्यंत जोडली. पंप गुणगुणला. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

थेट वायर टाकायला चार मिनिटं लागली होती.

धक्क्यावर अँब्युलन्स उभीच होती. वॉलॉंगॉंगच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने तिला विचारलं, हे शेवटचे पूर्ण ठीक कधी होते? पंचावन्न हा आकडा तिच्या जिभेवर आला होता. तो गिळून ती म्हणाली, "दहा वीस. मी मीटर मागितला, त्याने पक्कड दिली." डॉक्टरने ते लिहून घेतलं. औषध दिलं, पण मेंदूतली गुठळी मोठी होती. संध्याकाळी त्याला सिडनीला हलवावं लागलं. जीव वाचला. अर्ध्या तासाने काय फरक पडला असता, हे तिने दोनदा विचारलं. खात्रीने कोणी सांगू शकत नाही, एवढंच उत्तर दोन्ही वेळा मिळालं.

दोन महिन्यांनी तो घरी आला. उजवी बाजू गेलेली, आणि तोंडात एकच शब्द उरलेला, 'चल'. भूक लागली तरी 'चल', नको असलं तरी 'चल'. त्यांची मुलगी सावनी युनीतून सेमेस्टरभराची रजा घेऊन आली. सिडनीजवळच्या टूनगॅबीतल्या मित्रमंडळींचे फोन यायचे, तेव्हा चारुता सगळ्यांना सांगायची, "अचानक झालं हो." सावनीलाही तिने तेच सांगितलं होतं.

एका संध्याकाळी वरण उकळत असताना सावनीने विचारलं, "मम, नर्स म्हणाली एव्हरी मिनिट काउंट्स. एक्झॅक्टली कधी सुरू झालं?"

चारुताने गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. पक्कड, तिचं ओरडणं, टाकीमागचा जोड, आणि ती चार मिनिटं.

सावनीने मनातल्या मनात हिशेब केला. मग म्हणाली, "थर्टी-फाइव्ह मिनिट्स, मम."

"हो."

"अँड यू येल्ड ॲट हिम."

"हो. ओरडले."

खुर्चीत बसून धवल ऐकत होता. त्याला सगळं समजतं, असं थेरपिस्ट म्हणाली होती. त्याने डावा हात उचलला. "चल," तो म्हणाला, मग आणखी जोरात, "चल, चल." त्याला काय म्हणायचं होतं ते दोघींनाही कळलं नाही.

सावनी उठून तिच्या खोलीत गेली. दार लागलं.

चारुताने वरणभात कालवून मऊ केला आणि त्याच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसली. उजवीकडून भरवलं की घास बाहेर येत असे.