घोट्यावरचा वण

आमच्या मास्तरला, म्हणजे माझ्या धाकट्याला, लोकांच्या घरातले पाळणे मोजायची खोड जडली आहे. त्याच्या शाळेत यंदा पहिलीला चार पोरं आली. दहा झाली नाहीत तर शाळाच बंद, असं वरून पत्र आलंय. म्हणून हा वही काखेत मारून दारोदार हिंडतो. नवी लग्नं झालेल्यांना विचारतो, "मग, कधी?" जणू दुधाचा रतीब लावायला आलाय.

घरातही तीच टकळी. सून बस चालवते. एक मुलगी आहे, तेवढी पुरे म्हणते. हा म्हणतो, नोकरी सोड, दुसरं होऊ दे, मास्तराच्याच घरात एकच पोर, तर लोकांना कोणत्या तोंडानं सांगू? परवा पोरगी तापानं फणफणली, तेव्हा हा सभेत. सुनेनं दोन फेऱ्या बुडवून औषध आणलं. वर हाच तिला ऐकवतो, "आईला विचार. पाच वाढवले. कधी कुरकुरली का?"

रविवारी शाळेत पालक जमवले. मला पुढे खुर्चीत बसवलं, देवीसारखं. भाषण ठोकलं, "माझी आई लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करायची, आणि मी तिच्या मांडीवर." मागे सून उभी होती, खाकी कपड्यांतच. सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "ऐकतेस ना? आता आईसमोर सांगून टाक, बस सोडते म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तूच सांग हिला."

मी उठले. त्यालाच म्हटलं, "डाव्या पायाची पँट वर कर."

"आई, तो वण सायकलवरून पडल्याचा."

"आपल्याकडे सायकल कधी होती रे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मांडीवर इस्त्री घेऊ की पोर? टेबलाच्या पायाला दोरीनं बांधायचे मी तुला. आठ ते सहा. दोरी रुतून पाय चिघळला, तरी दुसऱ्या दिवशी तिथेच बांधला. सायकलची थाप माझी. तुला वाईट वाटू नये म्हणून नाही, मला लाज वाटू नये म्हणून."

त्यानं वही मिटली.

"ही बस सोडणार नाही. तुला दुसरं हवं असेल तर तू शाळा सोड आणि सांभाळत बस, नाहीतरी ती बंदच पडतेय. आणि मी कुरकुरले नाही, कारण ऐकायला कुणी नव्हतं. चारांवर थांबायचं मी ठरवलं होतं. तू पाचवा. आज तुझं भाषण ऐकलं आणि कळलं, माझं ठरलेलं बरोबर होतं."