करकंबच्या दोन वाटा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. घरात टीव्हीशेजारी ठेवतात तो दोन शिंगांचा डबा नव्हे. तो माझा लांबचा नातेवाईक, आणि फारच किरकोळ. मी सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका इमारतीत, कुलूपबंद लोखंडी कपाटात राहतो. अकरा वर्षे झाली. खोलीला खिडकी नाही. दाराच्या जाळीतून मला समोरची भिंत आणि तिच्यावरचे एक कॅलेंडर दिसते, तेवढेच माझे जग.

मी आलो तेव्हा पेढे वाटले होते. गावोगावची माहिती योग्य वाटेला लावणे हे माझे काम. साऱ्या जिल्ह्याचे बोलणे माझ्या पोटातून जाते, मी मात्र जागचा हलत नाही.

माझ्या खाली दोन प्रकाशपेट्या आहेत. मी वायरीतून दिलेली माहिती त्या प्रकाशाच्या रूपाने काचेच्या तारेतून लांब धाडतात. वरच्या पेटीची तार टेंभुर्णीवरून करकंबला जाते, खालच्या पेटीची मंगळवेढ्यावरून. एक वाट तुटली तर दुसरी असावी, म्हणून मुद्दाम दोन. करकंबच्या दवाखान्यातले ईसीजी सोलापूरच्या डॉक्टरांकडे याच वाटांनी येतात.

आता माझे दुखणे सांगतो. या पेट्या भारी अबोल. वायरीतून मी विचारतो, 'पलीकडे कोण आहे?' पेटी स्वतःचे नाव सांगत नाही. माझा प्रश्न तसाच पुढे ढकलते आणि उत्तर येते थेट करकंबच्या राउटरचे. म्हणून माझी कोणती वायर कोणत्या पेटीत आहे, हे फक्त एका वहीत लिहिलेले असे. ती वही महानंदाताईंची. नोकरी कंत्राटी, पण अक्षर पाहत राहावे असे. दर तीन महिन्यांनी कपाट उघडून वायरींवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि 'प्रत्यक्ष पाहिले' लिहून सही करायची, असा नियम होता.

मागच्या खंडेनवमीला आमची पूजा ठरली. तंत्रज्ञ जोतीराम ओले फडके घेऊन आला.

"वर्साचा सण हाय. अंगावर धूळ ठिवून पूजा करायची व्हय?" असे म्हणत त्याने माझ्या करकंबच्या दोन्ही वायरी उपसल्या आणि मला प्रेमाने पुसले. ओल्या फडक्याने चिठ्ठ्याही निघून गेल्या. वायरी परत लावताना एक जागेवर गेली. दुसरी खालच्या पेटीऐवजी वरच्याच पेटीच्या रिकाम्या तोंडात बसली. तिथून त्याच टेंभुर्णीच्या तारेतून करकंबपर्यंत कधीतरी तात्पुरती केलेली एक वाट काढायची राहून गेली होती. त्यामुळे दिवा हिरवाच लागला. मला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ मिळाली आणि दार बंद झाले.

मला सगळे कळत होते. पण सांगणार कसा? माझ्याकडे आवाज म्हणून एक पंखा आहे, तो नेहमीच घरघरतो.

पुढच्या दोन्ही तपासण्यांना महानंदाताई खुर्चीतूनच म्हणाल्या, "जोतीरामदादा, वायरी आहेत ना हो जागच्या जागी?"

"हायत की ताई. जात्यात कुटं?"

त्यांनी सही केली.

मे महिन्यात टेंभुर्णीजवळ खोदकामात तार तुटली. करकंबच्या दोन्ही वाटा एकदम मेल्या. नेमके तेव्हाच केळीच्या बागेत काम करणाऱ्या येडूच्या छातीत कळ आली. त्याचा ईसीजी सोलापूरला पोचेना. करकंबच्या डॉक्टरांनी चाळीस मिनिटे वाट पाहिली, मग त्याला जीपमध्ये घालून सोलापूरला पाठवले. माणूस वाचला, पण आता त्याच्याच्याने केळीचा घड उचलवत नाही.

आमचे अधिकारी आदिनाथसाहेब संतापले. "दोन वेगळ्या वाटा एकदम तुटतात कशा? वहीच खोटी आहे!" त्यांनी नोटीस काढली: सात दिवसांत खुलासा दिला नाही तर महानंदाताईंचे नाव कामावरून कमी होणार. तार दुसऱ्या दिवशी जोडली गेली, पण वर हुकूम सुटला, की चौकशी होईपर्यंत कपाटाला कोणीही हात लावायचा नाही. खरे उत्तर कपाटात, आणि कपाटाला कुलूप! ताई रोज जाळीपाशी येऊन उभ्या राहत. चिठ्ठ्या नसलेल्या शेकडो पिवळ्या वायरींतून त्यांना काही उमगत नसे. मला फार लाज वाटे.

सहाव्या दिवशी ऋतुजा आली. उजनीच्या काठावरच्या गावची मुलगी, नवी अभियंता. आमच्या जोडण्या आपोआप शोधणारा प्रोग्राम तिने आणला होता.

"कुलूप न उघडता कळंल व्हय?" जोतीरामने विचारले.

"दादा, आमच्याकडं काठावर पन्नास मोटरी नि पायपांचा नुसता गुंता. कुठली पाइप कुणाची, हे कुणी कागदात बघत नाही. मोटर चालू करायची नि कुणाच्या रानात पाणी पडतंय ते बघायचं. इथंही तसंच की."

मग तिने आम्हांला विचारले. माझ्या प्रत्येक तोंडातून मिनिटाला किती माहिती गेली ते मला, आणि प्रत्येक तोंडात किती आली ते पेट्यांना. अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता! आम्ही भराभरा आकडे दिले. तासाभरात जुळले: दोन्ही वायरी वरच्याच पेटीत. आणि तिथे दुसऱ्या वायरीतून माहिती पहिल्यांदा कधी आली, तेही पेटीने सांगितले. खंडेनवमी, सकाळी अकरा.

जोतीराम दारात उभ्या असलेल्या आदिनाथसाहेबांकडे वळला. "मीच की ओ सायेब. पूजेच्या नादात."

"म्हणजे महानंदाबाई, तुम्ही सुटलात," आदिनाथसाहेब म्हणाले.

ताईंना गप्प राहता आले असते. त्या म्हणाल्या, "नाही साहेब. मी दोनदा 'प्रत्यक्ष पाहिले' लिहिलं. दोन्ही वेळा खुर्चीतनं उठले नव्हते. येडूचं जे झालं, त्यात माझी सही आहे."

मला वाटले, आता यांची नोकरी गेली. साहेबांनी नोटीस परत घेतली, पण दोघांच्याही नावावर शेरा मारला. ताईंनी तो मुकाट्याने घेतला, किल्ली मागितली, कपाट उघडले आणि माझ्यासमोर उकिडव्या बसून ती वायर बोटाने धरत धरत पेटीपर्यंत गेल्या. मग जोतीरामने ती योग्य जागी लावली. रविवारी ताई स्वतः करकंबला येडूकडे जाऊन आल्या.

मित्रांनो, आता तो प्रोग्राम दर तासाला आमची विचारपूस करतो. तरी ताई तीन महिन्यांनी येतातच. तुम्हीही एवढे करा. पाहिल्याशिवाय 'पाहिले' असे कधी लिहू नका. आम्ही आत सगळे खरे घेऊन बसलेले असतो, पण आमचे दार आतून उघडत नाही.